तीन ऑप्शन पाठवलेत, बघून घ्या

कोकण कसं झालं ही गोष्ट बुरोंडीत कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. तिथे पृथ्वीचा अर्धगोल बांधलाय आणि त्यावर परशुराम उभा आहे. त्याने बाण मारला, समुद्र मागे हटला, जमीन वर आली. या सगळ्या प्रकल्पात नजरेत भरण्यासारखी बाब एकच : बाण एक होता. समुद्राला आधी तीन नमुने दाखवले, त्याने ते पश्चिम किनाऱ्यावरच्या समस्त भावकीला पाठवले, आणि मग ‘पहिल्यातली खाडी ठेवा, डोंगर तिसऱ्यातला घ्या’ असा निरोप आला, असं कुठल्याही पुराणात लिहिलेलं नाही. असतं, तर दाभोळची खाडी अजून ड्राफ्टमध्येच असती.

आता त्याच जमिनीवर लाडघरपासून कोळथऱ्यापर्यंत ‘घरगुती राहण्या-जेवण्याची सोय’ अशा पाट्या आहेत, आणि प्रत्येक पाटीला वेबसाइट हवी आहे. हवी तर हवी, त्यात वावगं काही नाही. पाटी रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते, वेबसाइट नाशिकला सोफ्यावर बसलेल्याला दिसते. भानगड सुरू होते ती मधल्या टप्प्यात. तिचे नायक म्हणजे आमचे काका. हे काका कुणी एक नव्हेत. कर्द्यात भेटतात, मुरुडात भेटतात, हर्णैला तर दोन-तीन एकदम भेटतात. त्यांना आपण सोयीसाठी बुरोंडीत बसवू.

काका म्हणतात, ‘‘साइट बनवायची आहे.’’ डिझायनर पोरगा पुण्याला असतो, नाहीतर दापोलीतच एखाद्या गाळ्यात. तो ‘कशाला?’ असं विचारत नाही. तो विचारतो, ‘‘काका, कलर कुठला आवडतो?’’ काका म्हणतात, ‘‘अरे, शिकलास तू. तूच सांग.’’ इथे पोराला सांगायची आयती संधी होती. पण सांगायचं तर ठरवावं लागतं, आणि ठरवलं की चुकण्याचा धोका येतो. म्हणून तो या धंद्यातलं सर्वांत सुरक्षित वाक्य बोलतो : ‘‘तीन ऑप्शन पाठवतो, बघून घ्या.’’

चार दिवसांनी तीन चित्रं येतात. पहिलं निळं, कारण समुद्र. त्याच्या माथ्यावर पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या खोल्यांचा फोटो आहे, तो मालदीवचा. दुसरं हिरवं, कारण नारळ. त्यातला फोटो खरंच काकांच्या वाडीचा आहे, फक्त ३ जून २०२०च्या आधीचा. त्या दिवशी निसर्ग वादळ आलं आणि दापोलीच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. फोटोत मात्र बाग अजून उभी आहे आणि तिच्या सावलीत पाहुणे झोपाळ्यावर बसलेत. तिसरं चित्र पांढरं. त्याला ‘मिनिमल’ म्हणायचं. मिनिमल म्हणजे काकांनी मजकूर दिलेला नाही.

मजकूर तसा तिन्हींत नाही. तिथे लोरेम इप्सम आहे. इसवी सनापूर्वी ४५च्या सुमारास सिसरो नावाच्या रोमन वक्त्याने सुख-दुःखावर एक ग्रंथ लिहिला. त्यातल्या लॅटिन वाक्यांची मोडतोड करून छपाईवाल्यांनी जागा भरायला हा मजकूर वापरात आणला. काकू विचारतात, ‘‘हे काय लिहिलंय?’’ पोरगा सांगतो, ‘‘ते नंतर बदलणार.’’ अशा रीतीने दोन हजार वर्षांनी सिसरोला बुरोंडीत सोलकढीच्या फोटोशेजारी जागा मिळते.

बारकाईने पाहिलं तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. तिन्ही चित्रांत नाव डाव्या कोपऱ्यात, मध्ये आपोआप सरकणारे फोटो, खाली तीन गोल आणि त्याखाली ‘बुक नाऊ’. एकच तयार थीम, तीनदा रंगवलेली. हे तीन ऑप्शन नव्हेत, एका ऑप्शनचे तीन कपडे आहेत.

पण काका बारकाईने पाहत नाहीत. ते पुढे पाठवतात.

कोकणातलं घर हे एकट्याचं क्वचित असतं. सात-बारावर नावांची रांग असते, आणि त्या रांगेचा एक व्हॉट्सॲप ग्रुप असतो. डोंबिवलीचा चुलतभाऊ, विरारची आत्या, बोरिवलीचे धाकटे काका, मस्कतला गेलेला पुतण्या. यांतले निम्मे गणपतीला येतात, निम्मे तेव्हाही येत नाहीत. पण मत मात्र सगळ्यांचं घरात राहायला असतं. तीन चित्रं ग्रुपवर पडतात. पहिल्या पाच मिनिटांत सात अंगठे येतात. कुठल्या चित्राला ते कळत नाही. आत्या हात जोडते. तिला बहुतेक सुप्रभातचा मेसेज वाटलाय. डोंबिवली म्हणते, निळा मस्त. बोरिवली म्हणते, निळा नको, निळ्याने हॉस्पिटल वाटतं. मस्कतचा पुतण्या तिथल्या एका पंचतारांकित हॉटेलची लिंक टाकतो आणि लिहितो, ‘असं काहीतरी’. त्या हॉटेलच्या नुसत्या स्वागतकक्षात काकांचं घर, वाडी आणि विहीर मावेल.

मग पोल घेतला जातो. तिन्हींना सारखी मतं पडतात. अखेर काका पोराला फोन करतात. देशभरातल्या डिझायनरांनी ऐकलेलं वाक्य बुरोंडीतही ऐकू येतं : ‘‘असं कर, पहिल्यातलं वरचं घे, दुसऱ्यातलं खालचं घे आणि कलर तिसऱ्याचा.’’ पुढे आवाज जरा खाली आणून, ‘‘आणि नाव थोडं मोठं कर.’’

पोरगा यावर मित्रांमध्ये बसून हसतो. क्लायंटला काही कळत नाही, असं एकमताने ठरतं. मला यात क्लायंटची चूक मुळीच दिसत नाही. तीन ताटं पुढे मांडून ‘बघून घ्या’ म्हटलं, तर माणूस प्रत्येकातलं थोडं थोडं घेणारच. त्याला निवडीचा निकष कुणी दिला होता? त्याला रंग विचारला, त्याने रंग सांगितला. ‘फोन वाजायला हवा असेल तर यातलं कुठलं?’ असं विचारलं असतं, तर त्याने कदाचित तिन्ही परत पाठवली असती.

या धंद्यातले अनुभवी लोक तीनचं गणित वेगळं सांगतात. एक आपल्याला आवडलेला, एक क्लायंटला चालेल असा आणि एक मरायला पाठवलेला. तिसरा मुद्दाम बेतास बात करायचा, म्हणजे त्याच्या शेजारी पहिला उठून दिसतो. याला शास्त्राधारही आहे. १९८२ साली ह्यूबर, पेन आणि प्यूटो या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की दोन पर्यायांत एकापेक्षा उघड उणा असा तिसरा आणून ठेवला, की ज्याच्यापेक्षा तो उणा आहे त्याचा भाव वधारतो. विक्रीच्या जगात हे तेव्हापासून धर्मवचन होऊन बसलं. अडचण एवढीच, की त्या प्रयोगांमधली माणसं बुरोंडीची नव्हती. इथे मरायला पाठवलेला ऑप्शनच निवडून येतो. ग्रुपवर आत्याला तोच आवडतो, ‘साधा आहे, बरा आहे’. मग पोराला दोन महिने ते चित्र उभं करावं लागतं ज्याचा त्याला पहिल्या दिवसापासून तिटकारा आहे. वर ती साइट त्याच्या कामाचा नमुना म्हणून कायमची लटकते. जे स्वतःला विकायचं नाही ते दुकानात मांडू नये, एवढी अक्कल किराणावाल्याला असते. ती यायला डिझायनरला आधी एक तिसरा ऑप्शन निवडून यावा लागतो.

काका मात्र सगळे साधे आहेत असं समजू नका. तीन मागण्यात त्यांचाही हिशेब असतो. आठ-दहा हजार द्यायचे आणि हातात एकच कागद? तीन आले की काम झाल्यासारखं वाटतं. पोराने विचार किती केला हे दिसत नाही, चित्रं किती पाठवली हे मोजता येतं. त्यात करारातच लिहिलेलं असतं, ‘तीन डिझाइन, अमर्याद दुरुस्त्या’. पोराने ते दुसऱ्याच्या जाहिरातीवरून उचललेलं असतं आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्याच्या. अमर्याद या शब्दाची किंमत काय होते, हे गणपतीनंतरच्या अकराव्या दुरुस्तीला समजतं.

आता गणपतीचा विषय निघालाच आहे, तर याच काकांना गणपतीच्या कारखान्यात जाताना पाहा. आषाढ-श्रावणात ते घरचा पाट घेऊन मूर्तिकाराकडे जातात. तिथे तीन ऑप्शन मागत नाहीत. मूर्तिकारच विचारतो. यंदा उंची तेवढीच ना? मखर जुनंच की नवं? सिंहासनावर बसवू की लोडाला टेकवू? आणि विसर्जनाला डोक्यावरून न्यायची की गाडीतून? हा शेवटचा प्रश्न खास, कारण पाणंदीतून मूर्ती डोक्यावर घेऊन उतरणारा माणूस किती वजन पेलतो यावर शाडूचा गणपती केवढा करायचा हे ठरतं. काका उत्तरं देतात, पाट ठेवतात, पाटाखाली खडूने नाव लिहिलं जातं आणि घरी येतात. मधे एखादी फेरी होते, तेव्हा पीतांबराचा रंग सांगायची मुभा असते. ‘डोळे लालबागचे घ्या आणि सोंड दगडूशेठची’ असं काका म्हणत नाहीत. म्हटलं तर मूर्तिकार वर न बघता कुंचला धुतो. डोळ्यांची आखणी तोच करतो, आणि ती कशी करायची यावर भावकीचा पोल निघत नाही.

तोच माणूस, तोच खिसा, तीच भावकी. फरक कुठे पडला? मूर्तिकाराने प्रश्न आधी विचारले आणि ते काकांना येतील असे विचारले. दाराची उंची काकांना ठाऊक आहे. सोंडेचा बाक मूर्तिकाराला ठाऊक आहे. दोघं एकमेकांच्या वाटेला जात नाहीत.

डिझायनर मंडळींना गावच्या मूर्तिकाराचा दाखला कमी वाटत असेल तर अमेरिकेचा देतो, तिकडचा लगेच पटतो. १९८६ साली स्टीव्ह जॉब्झने ॲपलमधून बाहेर पडून काढलेल्या ‘नेक्स्ट’ कंपनीसाठी पॉल रँड यांना लोगो करायला सांगितलं. रँड म्हणजे आयबीएमचा लोगो करणारे. मेहनताना एक लाख डॉलर. जॉब्झने विचारलं, काही ऑप्शन दाखवाल का? रँड नाही म्हणाले. मी तुमचा प्रश्न सोडवीन, तुम्ही पैसे द्याल, उत्तर वापरायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, ऑप्शन हवे असतील तर दुसऱ्यांकडे जा, अशा अर्थाचं उत्तर मिळाल्याचं जॉब्झनेच पुढे एका मुलाखतीत सांगितलं. आमच्या पोरांना किश्श्याचा एवढाच भाग पाठ असतो. छातीवर छापून घेतात. पुढचा भाग असा, की रँड यांनी नुसता लोगो पाठवला नाही. सोबत एक पुस्तिका दिली. हीच अक्षरं का, त्यांत एकच ‘ई’ लहान का, ठोकळा अठ्ठावीस अंशांत तिरका का, हे पायरीपायरीने उलगडून दाखवलं. ऑप्शन एकच होता, पण बाकीचे का टाकले हेही त्यात होतं. बुरोंडीच्या पोराने रँडचा नकार तेवढा घेतला आणि पुस्तिका सोडली, तर काका त्याला दुसऱ्यांकडे जायची वाट दाखवतील. तीही फार लांब नसते. पुतण्याचा मित्र पाच हजारांत करून देतो.

आणि रँडसमोरही जॉब्झ अगदी गप्प बसला नव्हता बरं का. वॉल्टर आयझॅक्सनच्या चरित्रात आहे : जॉब्झच्या व्हिजिटिंग कार्डावर नावातल्या ‘पी’नंतरचा टिंब नेमका कुठे ठेवायचा यावर दोघांचं वाजलं, आणि तिथे जॉब्झचं चाललं. एक लाख डॉलरचा लोगो निमूट घेणाऱ्या माणसालाही एक टिंब आपल्या मनासारखा लागतो. हे ओळखून सॉफ्टवेअरवाल्यांनी काढलेली युक्ती त्यांच्यात किश्शासारखी सांगितली जाते. बुद्धिबळाच्या एका गेममध्ये चित्रकाराने राणीच्या मागे एक बदक चालवलं. साहेब प्रत्येक गोष्टीत बदल सुचवायचेच, त्यांनी बदक काढायला सांगितलं, त्याने काढलं, बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं. काकांचं ‘नाव थोडं मोठं कर’ हे त्यांचं बदक आहे. ते आनंदाने करून टाकावं. घर त्यांचं, नाव त्यांचं.

ज्यांच्याकडे पैसा आणि माणसं दोन्ही भरपूर, ते तरी ठरवतात म्हणता? २००९ साली डग्लस बोमन हा डिझायनर गूगल सोडून गेला. जाताना त्याने लिहिलं, की दोन निळ्यांत ठरत नव्हतं म्हणून त्यांच्यामधल्या एकेचाळीस निळ्या छटा तपासल्या जात होत्या. बोरिवलीच्या काकांना तिथे संचालक करायला हरकत नव्हती. याहूने २०१३च्या ऑगस्टपासून रोज एक असे तीस दिवस लोगो जगाला दाखवले आणि सप्टेंबरात पक्का लोगो जाहीर केला. एकोणतीस नाकारून तिसावा घेतला, हे समजायला लोकांना तारीख बघावी लागली.

आता पोराने काकांना विचारायला हवं होतं ते. खोल्या कुटुंबांना द्यायच्या, की बुलेटवरून येणाऱ्या आठ जणांच्या टोळीला? हा खरा ऑप्शन, कारण दोन्हींची साइट एकसारखी होऊच शकत नाही. पहिलीत पहिल्या नजरेला बाथरूम, पाळणा आणि आजीला चढायला पायऱ्या किती हे दिसायला हवं. दुसरीत गाडी लावायची जागा आणि दहानंतर आवाज चालणार नाही ही ओळ. पैसे आगाऊ ऑनलाइन घ्यायचे, की फोनवर बोलून विश्वासाने? विश्वासाने असेल तर ‘बुक नाऊ’चं बटण फेका आणि नंबर बोटाला सापडेल एवढा मोठा करा. मे महिन्यात खोली मागायला माणसं आपोआप येतात, पावसाळ्यात येत नाहीत. मग साइट कुठल्या महिन्यासाठी? जेवणात रोजची मासळी बंदरावर मिळेल ती, की पापलेटचा शब्द द्यायचा? शब्द दिला आणि त्या दिवशी होड्या बांगडाच घेऊन आल्या, तर रिव्ह्यूत तारे कमी पडतात, आणि ते तारे निळ्या रंगाने भरून निघत नाहीत.

असे दोन वेगळे हेतू निघाले तर दोन चित्रं जरूर दाखवा. दाखवताना शेजारी लिहा : हे घेतलं तर हे मिळेल, हे जाईल. काकांना तोटा कळतो. आंबा बागायतदाराला कलमाचा रंग विचारत नाहीत, मोहोर गळाला तर काय हे विचारतात. आणि चित्रं व्हॉट्सॲपवर फेकू नका. तिथे ती दाबून लहान होतात, आत्याच्या फोनवर अंगठ्याएवढी दिसतात. पडवीत बसून काकांच्याच फोनवर, काकांच्याच बोटाने दाखवा. चित्र बघणारा आणि पैसे देणारा एकच माणूस आहे, याची खात्री तेवढ्यात होऊन जाते. डोंबिवलीला निर्णय कळवावा; मागू नये.

शिवाय मराठी. तीन ऑप्शन लॅटिनमध्ये दाखवण्याचं खरं कारण पोरगा सांगत नाही : त्याची थीम इंग्रजीसाठी बेतलेली असते. तीत ‘बुरोंडी’ घाला, वरची वेलांटी आणि अनुस्वार कापले जातात, खालचा उकार पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसतो. देवनागरीला ओळीच्या वर आणि खाली जागा लागते. र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा टंक केला, तो विंडोज २००० सोबत घरोघर आला, आणि तेव्हापासून ओळी लांब लांब पडतात म्हणून लोक त्याच्या नावाने कुरकुरत आले. पण ती जागा मात्रांसाठी होती. आता मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता, बालू असे टंक फुकट मिळतात. तरी काकांच्या साइटवर मराठी येते ती श्रीलिपीतून चिकटवलेली, आणि फोनवर उघडली की रोमन अक्षरांचा आणि खुणांचा सडा पडतो. ग्रुपवर यावर कुणी बोलत नाही. सिसरोनंतर त्यांना सवय झालेली असते.

तर, काकांची साइट अखेर झाली. वरचं पहिल्यातलं, खालचं दुसऱ्यातलं, रंग तिसऱ्याचा, नाव मोठं, आणि मालदीव काही हटला नाही, कारण तो मस्कतच्या पुतण्याला आवडला होता. पहिल्याच आठवड्यात नाशिकहून फोन आला. बाई म्हणाल्या, ‘‘तुमची वेबसाइट बघितली हो, छान आहे. जरा खोल्यांचे खरे फोटो व्हॉट्सॲप करता का?’’

काकांनी दोन्ही खोल्यांचे फोटो काढून पाठवले. बाईंनी ते त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकले. सध्या तिकडे पोल चालू आहे.